डिजिटल चित्रसंग्रह वापरून कलेचा इतिहास कसा शिकवावा: तयारीपासून तपासणीपर्यंत

कलेचा इतिहास शिकवणाऱ्याची जुनी अडचण चित्रं मिळत नाहीत ही होती. विभागाच्या कपाटात जेवढ्या स्लाइड असतील, तेवढाच अभ्यासक्रम. कोडॅकने 2004 मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं आणि त्या कपाटांचं महत्त्व संपलं. आज अडचण नेमकी उलटी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 3,75,000 प्रतिमा कुणालाही कशासाठीही वापरायला मोकळ्या केल्या. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-समूहाने फेब्रुवारी 2020 मध्ये 28 लाख प्रतिमा खुल्या केल्या. चित्रं फुकट आणि हवी तेवढी मिळायला लागल्यावर व्हायचं तेच झालं. एका तासात साठ स्लाइड सरकतात, विद्यार्थी नावं आणि सनावळ्या उतरवून घेतात आणि एकही चित्र नीट न पाहता बाहेर पडतात.

हा लेख त्या साठ स्लाइडच्या विरोधात आहे. सगळ्या पायऱ्यांमागे विचार एकच: पडद्यावर दिसतो तो कलाकृतीचा फोटो असतो. तो कुणीतरी, कुठल्यातरी वर्षी, विशिष्ट प्रकाशात, विशिष्ट कोनातून काढलेला असतो. हे शिक्षकाने विसरायचं नाही आणि विद्यार्थ्यांनाही विसरू द्यायचं नाही.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा, चित्रं नंतर

‘सतराव्या शतकातली डच चित्रकला’ हा विषय झाला. विषयाला कितीही चित्रं लागतात, म्हणूनच स्लाइड वाढत जातात. त्याऐवजी प्रश्न घ्या. ‘खिडकीतून येणारा उजेड चित्रकाराने खरा कसा वाटायला लावला?’ हा प्रश्न घेतला की व्हर्मिअरची दूध ओतणारी बाई लागेल, डच घरांच्या अंतर्भागाचं दुसऱ्या एखाद्या चित्रकाराचं चित्र लागेल आणि तुलनेसाठी खिडकीच नसलेलं एखादं चित्र. बाकीचं गळून पडतं.

एका तासाला चार ते सहा चित्रं पुरतात. त्यातली दोन खोलात पाहायची, उरलेली आधाराला. एवढ्या थोड्या चित्रांवर अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही अशी भीती वाटते, पण विषयाचा धावता आढावा घेण्याचं काम वाचनावर सोपवता येतं. पाहण्याचं काम वर्गातच व्हावं लागतं.

दुसरी पायरी: कुठे शोधायचं

सर्वसाधारण इमेज सर्चपासून सुरुवात करू नका. याचं प्रसिद्ध उदाहरण व्हर्मिअरच्या त्याच दूधवालीचं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या लक्षात आलं की इंटरनेटवर या चित्राच्या 10,000 हून अधिक प्रती फिरताहेत आणि त्यातल्या पुष्कळशा पिवळट, चुकीच्या रंगाच्या आहेत. लोकांना त्या इतक्या सवयीच्या झाल्या की संग्रहालयाच्या दुकानातलं योग्य रंगाचं पोस्टकार्डच त्यांना खोटं वाटू लागलं. चांगल्या प्रतिमा स्वतःच मोकळ्या करण्यामागे संग्रहालयाचं हेही एक कारण होतं. आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या ‘जुन्या’ चित्रांची भर पडली आहे. ती खऱ्या चित्रांच्या शेजारी येऊन बसतात, आणि दिसायला मोठी गोंडस असतात.

म्हणून आधी मूळ कलाकृती ज्या संस्थेकडे आहे तिच्या संकेतस्थळावर जा. राइक्सम्युझियम, मेट्रोपॉलिटन, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो, क्लीव्हलंड, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, गेटी, पॅरिसमधल्या नगरपालिकेच्या संग्रहालयांचा ‘पारी म्युझे’ हा एकत्रित संग्रह: इथे मोठ्या आकाराच्या फायली थेट डाउनलोड होतात. अनेक संस्थांमध्ये एकाच वेळी शोधायचं असेल तर युरोपियाना, म्हणजे युरोपातल्या संस्थांचे संग्रह एकत्र शोधू देणारं संकेतस्थळ. विकिमीडिया कॉमन्स सोयीचं आहे, फक्त तिथल्या पानावर मूळ स्रोताचा दुवा दिलाय का ते पाहा आणि असेल तर त्या दुव्यावर जाऊन तिथूनच फाइल घ्या. गूगल आर्ट्स अँड कल्चर झूम करून दाखवायला उत्तम, पण फाइल हातात मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे तयारीच्या दृष्टीने ते दुय्यम.

शोधताना चित्राचं लोकप्रिय नाव टाकण्यापेक्षा संग्रहालयाने दिलेला नोंदणी क्रमांक वापरा. ‘द नाइट वॉच’ शोधाल तर हे चित्र छापलेले कॉफीचे मग, छत्र्या आणि कोडीही सापडतील. राइक्सम्युझियममधला ‘एसके-सी-5’ हा क्रमांक रोमन अक्षरांत टाकलात तर थेट रेम्ब्रांटच्या चित्रावर पोहोचाल. ज्या चित्राचा असा क्रमांक कुठेच सापडत नाही, ते वर्गात नेऊ नका.

परवाना: दोन मिनिटांचं काम, पण टाळू नका

चित्रकार मरून पुरेशी वर्षं झाली की कलाकृती सार्वजनिक मालकीची होते. ही मुदत देशागणिक बदलते. युरोपीय संघात मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60. पिकासो 1973 मध्ये वारला, म्हणजे त्याचं ‘गेर्निका’ हे चित्र युरोपात निदान 2043 संपेपर्यंत संरक्षित आहे. चित्र जुनं असलं तरी त्याच्या फोटोचा हक्क कुणाचा, हा वेगळा प्रश्न. सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोला स्वतंत्र कॉपीराइट नाही असा निकाल अमेरिकेत 1999 मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात लागला, आणि युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशातही तेच तत्त्व आलं. शिल्पाच्या फोटोला मात्र हे लागू होत नाही, कारण तिथे कोन आणि प्रकाश छायाचित्रकार निवडतो.

व्यवहारात एवढं करा. पानावर ‘पब्लिक डोमेन’ किंवा ‘सीसी झिरो’ (सगळे हक्क सोडल्याची खूण) लिहिलेलं असेल तर बिनधास्त वापरा. लंडनच्या नॅशनल गॅलरीसारख्या काही संस्था फक्त अव्यावसायिक वापराला परवानगी देतात. तिथली चित्रं वर्गात चालतात, पण तुम्ही पैसे घेऊन विकता त्या कोर्समध्ये नाहीत.

तिसरी पायरी: फाइलसोबत तिची कुंडली

डाउनलोड केलेल्या फाइलला संग्रहालय एखादा अगम्य आकडा देतं. महिन्याभराने तुम्हालाच ती ओळखू येत नाही. फाइलच्या नावात चित्रकार, चित्राचं छोटं नाव, वर्ष, संस्था आणि नोंदणी क्रमांक लगेच घाला. एका साध्या तक्त्यात बाकीची माहिती: माध्यम, सेंटिमीटरमधला आकार, पानाचा दुवा, परवाना, तुम्ही डाउनलोड केल्याची तारीख. शक्य असेल तर फोटो कधी काढला तेही. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. पुढची पायरी त्याच्यावरच उभी आहे.

तक्त्याचा कंटाळा येणाऱ्यांनी संशोधकांसाठी बनवलेलं ‘ट्रॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर पाहावं. मला स्वतःला तक्ताच बरा वाटतो, कारण तो कुठल्याही संगणकावर उघडतो.

चौथी पायरी: फोटोची उलटतपासणी

ड्रेस्डेनमध्ये व्हर्मिअरचं एक चित्र आहे: उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी. कैक पिढ्यांनी ते मागच्या रिकाम्या भिंतीसह पाहिलं आणि त्या रिकामपणाबद्दल, शांततेबद्दल भरपूर लिहिलं. 1979 च्या एक्स-रेमध्ये भिंतीच्या रंगाखाली कामदेवाचं मोठं चित्र दिसलं. तरी ते व्हर्मिअरनेच झाकलं असावं असं मानलं जात होतं. 2017 नंतरच्या तपासण्यांत उलगडलं की भिंतीवरचा तो रंग व्हर्मिअरच्या मृत्यूनंतर दुसऱ्या कुणीतरी दिला होता. तो काढला गेला आणि 2021 मध्ये चित्र कामदेवासह पुन्हा लोकांसमोर आलं. आज इंटरनेटवर दोन्ही फोटो आहेत, दोन्ही ‘खरे’ आहेत, आणि कोणता कधीचा ते पुष्कळ ठिकाणी लिहिलेलंच नाही.

हे दोन फोटो शेजारी ठेवले की एक अख्खा तास सहज जातो. आधी फक्त रिकाम्या भिंतीचा दाखवा आणि मुलगी काय वाचत असेल ते विचारा. उत्तरं लिहून घ्या. मग दुसरा दाखवा. पत्र प्रेमाचं आहे हे आता भिंतच सांगते. त्यानंतर विचारा: आधीची उत्तरं चुकीची होती का? चर्चा इथे खरी तापते, कारण जे पाहून उत्तरं दिली ते त्या वेळी खरोखरच समोर होतं.

अशी तपासणी प्रत्येक मुख्य चित्राची करा. स्वच्छता किंवा डागडुजी कधी झाली? व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छताचे आणि भिंतीचे 1980 ते 1994 मधल्या कामाआधीचे फोटो अजून पुस्तकांत आहेत, त्यांतला मायकेलअँजेलो काळोखा वाटतो. फोटोच्या कडा कापल्यात का? चौकट दिसतेय का? काही वेळा मूळ चित्रच कापलेलं असतं. नाइट वॉच 1715 मध्ये नव्या जागी बसवण्यासाठी चारही बाजूंनी कापलं गेलं. कापण्याआधीच्या रूपाची खेरिट लुंडेन्सने केलेली छोटी प्रत शिल्लक आहे. तिच्या आधारे 2021 मध्ये राइक्सम्युझियमने हरवलेल्या पट्ट्या संगणकाच्या मदतीने बनवून मूळ चित्राभोवती तात्पुरत्या लावल्या. मूळ आणि पुनर्रचित अशी दोन्ही रूपं दाखवली, तर मधल्या दोन माणसांचं स्थान कसं सरकतं हे मुलांना न सांगता दिसतं.

रंगांबद्दल मात्र सावध राहा. तुमचा प्रोजेक्टर, खोलीतला उजेड, विद्यार्थ्याचा मोबाइल: तिन्हीकडे निळा वेगळा. रंगाच्या सूक्ष्म छटेवर उभा राहणारा मुद्दा पडद्यावरून शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रचना, रेषा, हावभाव, उजेडाची दिशा यांबद्दल पडदा बऱ्यापैकी विश्वासू असतो.

पाचवी पायरी: आकार परत आणा

पडद्यावर सगळी चित्रं सारख्याच आकाराची होतात. डिजिटल शिकवण्याचं हे सर्वांत मोठं नुकसान. होकुसाई या जपानी चित्रकाराची ‘मोठी लाट’ हे लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं चित्र साधारण 25 बाय 37 सेंटिमीटरचं आहे, म्हणजे हातात धरून पाहायची वस्तू. ‘गेर्निका’ जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. एकामागोमाग एक स्लाइडवर दोन्ही तेवढीच दिसतात, आणि विद्यार्थी लाटेला भव्य म्हणून मोकळा होतो.

उपाय स्वस्त आहेत. लाटेची प्रतिमा मूळ मापात ए-3 कागदावर मावते, ती छापून वर्गात फिरवा. गेर्निकासाठी खोलीच्या किंवा व्हरांड्याच्या भिंतीवर दोरीने माप आखा आणि विद्यार्थ्यांना त्या दोरीसमोर उभं करा. भिंत अपुरी पडली तर आणखी चांगलं, मुद्दा आपोआप पोहोचतो. शिवाय तुलनेच्या प्रत्येक स्लाइडवर दोन्ही चित्रं एकाच प्रमाणात काढलेली एक छोटी आकृती कोपऱ्यात ठेवा, बाजूला माणसाच्या उंचीची रेघ.

झूमचीही हीच गंमत आहे. यान व्हान आइकच्या 1434 मधल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे. त्यात दारातून येणारी आणखी दोन माणसं दिसतात, आरशाच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांची इवलीशी दृश्यं आहेत, वर चित्रकाराची सही. अख्खं चित्र जेमतेम 82 बाय 60 सेंटिमीटर. झूम करून हे दाखवताना आनंद होतोच, पण लगेच मागे या आणि सांगा की त्या काळच्या पाहणाऱ्याला यासाठी नाक चित्राला लावावं लागलं असतं. राइक्सम्युझियमने 2022 मध्ये नाइट वॉचची 717 गिगापिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली. 8,439 फोटो जोडून केलेल्या त्या प्रतिमेत रंगाचे कण दिसतात. इतक्या जवळून हे चित्र रेम्ब्रांटनेही पाहिलं नसेल.

सहावी पायरी: वर्गातला तास

सुरुवात शांततेने करा. चित्र लावा, नाव-वर्ष झाकून ठेवा, आणि तीन मिनिटं कुणीच बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. पहिल्या मिनिटानंतर चुळबुळ होते, दुसऱ्यानंतर लोक खरंच पाहायला लागतात. हार्वर्डच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एका कलाकृतीसमोर तीन तास बसायला सांगतात. आपण निदान तीन मिनिटं तरी द्यावीत.

मग प्रश्न. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तीनच प्रश्न आहेत: या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुम्हाला काय दिसलं? आणखी काय सापडतं? दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘ती दुःखी आहे’ असं कुणी म्हटलं की ‘कुठे दिसलं?’ विचारा आणि त्याला पडद्यापाशी बोलावून बोट ठेवायला लावा. हे झाल्यावरच नाव, वर्ष, संदर्भ उघड करा. ही पद्धत फक्त प्रश्नांवर थांबली तर इतिहास राहूनच जातो, म्हणून शेवटची वीस मिनिटं माहितीसाठी राखून ठेवा.

दोन प्रतिमा शेजारी ठेवून तुलना करण्याची रीत कला-इतिहासकार हाइनरिश व्योल्फलिनने दोन प्रोजेक्टर वापरून रूढ केली, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. ती आजही टिकून आहे, पण तिच्यात एक खोच आहे. कोणत्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काहीतरी फरक दिसतोच, आणि तो महत्त्वाचा वाटू लागतो. म्हणून जोडी निवडताना एक गोष्ट कायम ठेवा: तोच विषय, किंवा तोच चित्रकार, किंवा तेच माध्यम.

माझ्या मते सर्वोत्तम जोडी म्हणजे एकाच छापचित्राच्या दोन प्रती. होकुसाईच्या लाटेचे शंभरहून अधिक ठसे जगभर शिल्लक आहेत. शिकागोकडे तीन आहेत, मेट्रोपॉलिटनकडेही अनेक. दोन वेगवेगळे ठसे डाउनलोड करा आणि डाव्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ पाहायला सांगा. छपाईचा लाकडी ठोकळा वापरून झिजल्यावर नंतरच्या छपाईत ती तुटलेली दिसते. आकाशाची छटा पाहा. कुठे फुजी पर्वतामागचं आभाळ करडं गडद आहे, कुठे फिकट. ‘मूळ’ लाट कोणती, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतात.

सपाट नसलेल्या आणि विखुरलेल्या गोष्टी

शिल्पाचा एक फोटो म्हणजे एक बाजू. व्योल्फलिननेच 1896 मध्ये छायाचित्रकार शिल्पं भलत्याच कोनातून टिपतात अशी तक्रार करणारा लेख लिहिला होता. स्मिथसोनियनच्या त्रिमितीय प्रतिमा फिरवून पाहता येतात. विद्यार्थ्यांना एक शिल्प द्या आणि ‘पुस्तकात एकच फोटो छापायचा असेल तर कोणता कोन?’ असं विचारा. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट वेगळा येतो.

हस्तलिखितांचं दुखणं विखुरलेपणाचं. अकबराच्या दरबारात साधारण 1562 ते 1577 दरम्यान तयार झालेल्या हम्झानाम्यात, म्हणजे हम्झाच्या साहसकथांच्या सचित्र हस्तलिखितात, कापडावरची सुमारे 1,400 चित्रं होती. दोनशेच्या आतच शिल्लक आहेत. 60 व्हिएन्नाच्या माक संग्रहालयात, आणखी काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, बाकीची अमेरिकेत आणि इतरत्र. बहुतेक पानांच्या पाठीवर मजकूर आहे, आणि संग्रह पुष्कळदा चित्राचीच बाजू दाखवतात. पाठीचा फोटो आहे का ते जरूर शोधा, नाहीतर ही गोष्टीची पानं आहेत हेच विद्यार्थ्यांना कळत नाही.

अशा वेळी ‘ट्रिपल आय एफ’ (IIIF) हे तंत्र कामाला येतं. ते मान्य करणाऱ्या संस्था प्रत्येक वस्तूसाठी ‘मॅनिफेस्ट’ नावाचा दुवा देतात. तो ‘मिरॅडोर’ या मोफत दर्शकात टाकला की दोन देशांतल्या प्रतिमा एकाच खिडकीत, स्वतंत्र झूमसह दिसतात. शिकागो, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय, फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय हे दुवे देतात. पहिल्यांदा थोडं अडखळायला होतं, म्हणून एकदा एकट्याने करून पाहा आणि मगच वर्गात उघडा.

सातवी पायरी: विद्यार्थ्यांना द्यायचं काम

नुसतं ‘पाच चित्रं निवडून माहिती लिहा’ असं सांगितलं तर विकिपीडिया परत येईल. तीन कामं चांगली चालतात. पहिलं वर्णनाचं. जोडीतला एक जण चित्र पाहतो आणि शब्दांत सांगतो, दुसरा न पाहता काढतो. हेच वर्णन नीट लिहून काढलं की दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचा पर्यायी मजकूरही तयार होतो. दुसरं छोट्या प्रदर्शनाचं. पाच वस्तू, प्रत्येकी 150 शब्दांची पाटी, आणि हाच फोटो का निवडला याचं एक वाक्य.

तिसरं काम मालकीच्या इतिहासाचं. वस्तूच्या पानावर ती कुणाकडून कुणाकडे गेली याची यादी असते, विद्यार्थी ती कधीच वाचत नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालेला ‘डिजिटल बेनिन’ हा संग्रह यासाठी उत्तम आहे. ब्रिटिश फौजेने 1897 मध्ये आजच्या नायजेरियातली बेनिन नगरी लुटली तेव्हाच्या 5,000 हून अधिक वस्तूंची नोंद तिथे एकत्र केली आहे, 20 देशांतल्या 131 संस्थांमधून. प्रत्येकाने एक वस्तू घ्यायची, तिचा प्रवास नकाशावर काढायचा आणि जिथे नोंद तुटते तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. प्रश्नचिन्हं किती आणि कोणत्या वर्षांभोवती साचतात, त्यावर पुढचा तास घ्या.

गुण देताना एकच निकष कडक ठेवा: प्रत्येक विधानाला चित्रातली जागा दाखवता आली पाहिजे.

तांत्रिक किडुकमिडुक

बहुतेक प्रोजेक्टर 1920 बाय 1080 पिक्सेल किंवा त्याहून कमी दाखवतात. झूम करायचं नसेल तर लांब बाजू 2,000 पिक्सेलची पुरते. तपशील दाखवायचे असतील तर मोठ्या फाइलमधून ते आधीच कापून वेगळ्या स्लाइड करा. पॉवरपॉइंट फाइल साठवताना प्रतिमा दाबून लहान करतं, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. पार्श्वभूमी गडद करडी, चित्रावर अक्षरं नकोत, आणि चित्र जागेत बसवण्यासाठी कधीही ताणू नका. इंटरनेट जाणारच आहे असं धरून सगळं पेनड्राइव्हवर ठेवा.

वर्षातून एकदा तक्ता उघडून दुवे तपासा. संकेतस्थळं बदलतात, नव्याने काढलेले फोटो येतात, तारखा आणि श्रेयं दुरुस्त होतात. नवा फोटो आला की तो घ्या, पण जुना पुसू नका. काढल्याचं वर्ष नावात घालून तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. चौथ्या पायरीसाठी पुढच्या तुकडीला तोच लागणार आहे.